दम धर

ही गोष्ट खरी आहे.

कुणाचा विश्वास बसला नाही तरी माझी तक्रार नाही. मी छत्तीस वर्षं चिंचवडच्या एका तांत्रिक शाळेत मुलांना वर्कशॉप शिकवलं. मुलानं प्रश्न विचारला की उत्तर त्याच्या डोक्यात शिरेपर्यंत त्याला सोडायचं नाही, ही माझी सवय. पंप पाणी कसा ओढतो? चालती सायकल पडत का नाही? सगळ्याला उत्तर असतं. शांतपणे शोधलं की सापडतं.

एका गोष्टीचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

आणि ती गोष्ट रात्री घडलेली नाही. गुरुवार, १९ नोव्हेंबर १९८१. दुपारी सव्वाबारा. कासारवाडीचं रेल्वे फाटक. डोक्यावर लख्ख ऊन होतं.

गुरुवार मुद्दाम सांगतोय. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेची वाटणी तशी ठरलेली. बाकी सहा दिवस इथे प्रेस, हातोडे, भोंगे, ट्रक यांच्या आवाजात माणूस स्वतःचं बोलणंही ऐकत नाही. गुरुवारी मात्र सगळं थांबतं.

इतकं शांत, की लांबचा खोकलाही ऐकू येतो.

*

ज्योतीराम माझा जुना विद्यार्थी. बहात्तरच्या दुष्काळात आईवडिलांबरोबर उस्मानाबादकडून इकडे आला. शाळा संपल्यावर त्यानं कासारवाडीला फाटकाजवळ पत्र्याची शेड टाकली आणि गाड्या दुरुस्त करू लागला. हात सोन्याचा. गुरुवारी माझी शाळाही बंद असे, मग मी त्याच्या शेडमध्ये जाऊन बसत असे.

त्या वर्षी पोळ्यानंतरच्या एका गुरुवारी खंडू त्याची अ‍ॅम्बेसेडर घेऊन आला. खंडू चाकणच्या पश्चिमेकडच्या एका वाडीतला, टॅक्सी चालवायचा. गाडी डिझेलवरची. जड देह आणि इवलं इंजिन.

मागच्या सीटवर त्याची आई बसली होती. चतुराबाई. वाळलेली, पण डोळे आणि जीभ दोन्ही धारदार. बोलता बोलता मध्येच थांबायची आणि छातीतून बारीक शिट्टी यायची. दमा होता.

खंडू म्हणाला, "मास्तर, काय तरी करा. गाडीला चढावर दम न्हाई, आन् आईला घरात न्हाई."

"माझ्या दम्याला गाडीच्या पंक्तीला बसवू नको रे खंड्या," मागून चतुराबाई. "गाडी तुझ्या बापाची न्हाई. मी हाय."

खंडू हसला, पण त्याचं तोंड लगेच उतरलं. त्यानं मला बाजूला घेतलं.

त्यांची वाडी खोलगटात. बाहेर पडायचं तर खिंडीची चढण चढावीच लागते. पोळ्याच्या दिवशी आईला जोराचा झटका आला. पिंपरीच्या दवाखान्यात न्यायला निघाले, तर गाडी चढणीवर पहिल्या गिअरमध्येच धापा टाकायला लागली. तिघांनी खाली उतरून ढकलली.

"वर पोचस्तवर आईची ओठं निळी झालेली, मास्तर. पुढं इंजिन घरघरतंय, मागं आई. दोघीबी एका सुरात. पुढच्या खेपेला ती चढण तिला पार व्हायची न्हाई."

ज्योतीराम चाक खोलता खोलता ऐकत होता. तो म्हणाला, "सर, तुमी नववीला फळ्यावर काढलं होतं बगा. धुरानं फिरणारं चाक. ते ह्या गाडीला बसंल का?"

म्हणजे सुरुवात माझ्या फळ्यावरून झाली. हे मला कबूल करायला हवं.

मी चतुराबाईंना समजावलं, कारण लक्ष देऊन ऐकत होत्या त्याच. "इंजिनातून धूर जोरात बाहेर पडतो. तो फुकट जातो. त्याच्या वाटेत एक छोटं चाक ठेवायचं. धूर ते चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक. ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, तर जाळ जास्त. जाळ जास्त, तर ताकद जास्त. याला टर्बो म्हणतात."

त्या जरा थांबल्या. श्वास घेतला.

"म्हंजे फुकणी की. चुलीची."

"अगदी बरोबर!"

"आन् फुकणार कोन? तिचाच धूर?"

मला वाटलं, चाळीस मुलांच्या वर्गात एवढं चटकन कुणाला कळलं नसतं.

*

टर्बो मिळणं सोपं नव्हतं. ट्रकचे, डंपरचे मिळत, पण ते मोठे. एवढ्याशा इंजिनाला ते फिरवताच आले नसते. ऑक्टोबरमध्ये ज्योतीरामला भोसरीच्या भंगारात एक छोटा सापडला. नारळाएवढा. दगडाच्या खाणीवर कातळाला भोकं पाडायला हवेचं मशीन असतं, कॉम्प्रेसर. तसल्याच एका परदेशी मशीनवरचा होता.

आत करड्या दगडाची भुकटी बसली होती. आम्ही तो डिझेलमध्ये तीनदा धुतला. शेवटचं डिझेल स्वच्छ निघालं. हे लक्षात ठेवा.

मग लेथवर जोड कातले, पाइप वाकवले, इंजिनातून तेलाची बारीक नळी काढून टर्बोपर्यंत आणली. दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी, पाच नोव्हेंबरला, गाडी तयार झाली.

चिंचवड स्टेशनपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. बॉनेटखालून बारीक शिट्टी येत होती. सुंईऽऽऽ...

खंडू लहान पोरासारखा ओरडत होता. "मास्तर, तिसऱ्यावर वढतीया! तिसऱ्यावर!"

शेडमध्ये परत आलो. खंडूनं गाडी उभी केली आणि इंजिन बंद करायच्या दांडीला हात घातला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"दम धर."

घोगरा. जड.

खंडूचा हात थांबला. मला वाटलं, ज्योतीराम. मी खूश झालो.

"शाबास! खंडू, हे नीट समजून घे. टर्बोचं चाक मिनिटाला लाखभर फेरे घेतं. त्याला तेल इंजिनाकडून मिळतं. तू इंजिन एकदम बंद केलंस, तर तेल बंद. पण चाक फिरतच राहणार. कोरडं. दांडा ज्या कड्यात फिरतो तो बुश जळून जाईल. म्हणून थांबल्यावर दोन मिनिटं इंजिन नुसतं हळू चालू ठेवायचं. एकशेवीसपर्यंत मोजायचं. मग बंद."

आम्ही तिघांनी मोठ्यानं मोजलं. एकशेवीस झाले. खंडूनं दांडी ओढली. इंजिन थांबलं.

शिट्टी थांबायला हवी होती. फार तर दहा-पंधरा आकड्यांत.

मी सवयीनं मोजत राहिलो.

वीस... तीस... पन्नास...

ज्योतीरामनं बॉनेट उघडलं. इंजिनचा पंखा स्थिर होता. एक पातं हलत नव्हतं.

शिट्टी चालूच.

ऐंशी... नव्वद...

आणि मग ती तुटायला लागली. सुंईऽऽ... गप्प. सुंईऽऽ... गप्प. जणू कुणी ओढून ओढून श्वास घेतंय.

एकशेवीसला ती थांबली.

बरोबर एकशेवीसला.

मग खंडू हसला. "बगा की, मास्तर. तुमच्यापरास हीच शिस्तीची."

त्या संध्याकाळी ज्योतीरामनं पांढऱ्या ऑइलपेंटनं डॅशबोर्डवर दोन शब्द रंगवले. दम धर.

*

मी घरी जाऊन वही घेऊन बसलो. कारणं लिहिली. टर्बोतलं तेल अडवणारं सील गळत असेल, तर इंजिन स्वतःचंच तेल पिऊन चालत राहतं. पण तसं असतं तर पंखा फिरला असता. मग गरम हवा पाइपात अडकून शिट्टी वाजवत असेल? दोन मिनिटं?

दुसऱ्या दिवशी ज्योतीराम शाळेत आला. हातात कागदाची पुडी.

"सर, खंडू वाडीला जायच्या आदी मी हवेचा पाइप खोलून बघितला. हे निघालं."

पुडीत करडी भुकटी होती. पिठासारखी बारीक. चांगली मूठभर.

"रस्त्यावरची धूळ असेल."

"रस्त्याची माती तांबडी-पिवळी, सर. हा दगड हाय. आन् मी फिल्टर लावलाय."

मग मी तेच केलं, जे मुलांना सांगत आलो. एखादी वस्तू कळत नसेल, तर ती आली कुठून ते बघ.

भंगारवाल्यानं खाण सांगितली. भोसरीच्या पलीकडे, मोशीच्या अंगाला. पुढच्या गुरुवारी सायकल काढून गेलो. खाणीवरही सामसूम होती. एका झाडाखाली एक बाई खडीच्या ढिगावर बसून हातोडीनं दगड फोडत होती. तिच्या नवऱ्याचं नाव धोंडीबा, तिचं सोजरबाई. तिला मशीनबद्दल विचारलं, तर तिची हातोडी थांबली.

"ते मशीन आमचं मालकच चालवायचं. खानीवर बावीस वर्सं काढली."

"ते कुठं आहेत?"

"गेलं. मागच्या शिमग्याच्या आदी."

तिनं सांगितलं ते असं. खाणीतल्या भुकटीनं धोंडीबाची छाती भरली होती. दगड फोडणं जमेना, म्हणून त्याला मशीनजवळ बसवलं. बसून बसून कानाला मशीनची शिट्टी इतकी सवयीची झाली, की त्याचा श्वासही त्याच लयीत चालायचा. मशीन तो कुणाला एकदम बंद करू द्यायचा नाही.

"कुनी दांडी वढाय गेलं की वरडायचं. म्हनायचं, तिचा दम एकदम तोडू नगा. तिला घरी जाऊ द्या हळूहळू."

"मग त्या दिवशी काय झालं?"

"जेवनाची सुट्टी झाली. ह्यो मशीनला टेकून बसल्याला, डोळा लागलेला. एक नवा गडी आला. त्याला ठाव न्हवतं. त्यानं खटकन् बंद केलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "शिट्टी बारीक बारीक होत गेली. आमी भाकरी सोडत होतो. शिट्टी थांबली, आन् मग कुनीतरी म्हनलं, धोंडीबा जेवाय का येत न्हाई."

मी सायकल झाडाला टेकवली. मग विचारलं, "ते ओरडायचे म्हणालात. काय शब्द होते त्यांचे?"

"काय आसनार? 'दम धर.' समद्यास्नी तेच. पोरास्नी, बैलास्नी, मशीनला. दम धर."

*

तिथून मी थेट शेडवर गेलो.

"ज्योती, खरं सांग. त्या दिवशी 'दम धर' तू म्हणालास ना?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"सर... मला वाटलं, तुमी म्हणालाव."

मला वाटलं ज्योतीराम. ज्योतीरामला वाटलं मी. राहिला खंडू. पण खंडूचं तोंड तर माझ्यासमोर होतं. त्याचे ओठ हलले नव्हते.

आवाज मागून आला होता. आमच्या तिघांच्या मागून.

मी ठरवलं. ते यंत्र गाडीवरून काढायचं. मी भुताला भ्यालो म्हणून नव्हे. जी वस्तू मला समजत नाही, ती मी दुसऱ्याच्या गाडीत ठेवू शकत नाही. वर्गात मी तेच शिकवलं होतं.

एकोणीस नोव्हेंबरला सकाळी पाने घेऊन मी चाकणच्या एस.टी.नं गेलो. पुढचं चालत. अकराच्या सुमारास वाडीत पोचलो. खंडू अंगणात गाडी पुसत होता. त्याला सगळं सांगितलं.

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "मास्तर, खोटं न्हाई बोलत. रोज इंजिन बंद केलं की ती दोन मिंटं श्वास घेती. एकदा खोकलीबी. पर तिनं आमचं वाईट काय केलं? आई त्या चढनीवर मेली आसती तर?"

"खंडू, जे समजत नाही ते..."

"तुमाला समजत न्हाई म्हनून माझ्या आईनं मरायचं व्हय?"

मी पाना काढला, बॉनेट उघडलं. पहिल्या बोल्टला पाना लावला...

आणि घरातून भांडं पडल्याचा आवाज आला.

चतुराबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. दोन्ही हात जमिनीला टेकलेले. खांदे वर उचललेले. तोंड उघडं, पण श्वास आत जात नव्हता. नुसती शिट्टी.

सुंईऽऽ... गप्प. सुंईऽऽ... गप्प.

मी बॉनेट पाडलं.

*

मी मागे त्यांना धरून बसलो. पुढे खंडू एकटा. त्याच्या शेजारची सीट रिकामी. हेही लक्षात ठेवा.

खिंडीची चढण आली. खंडूनं गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली आणि गाडी थांबलीच नाही. जणू वरून कुणी दोरीनं ओढतंय. चाकण गेलं. मोशी गेली. भोसरी गेली. गुरुवार होता, रस्ता मोकळा. बॉनेटखालची शिट्टी आणि माझ्या हाताखालची छाती, दोन्ही एका लयीत चालली होती. मी ते मनातून काढायचा प्रयत्न करत होतो.

कासारवाडीचं फाटक दिसलं.

बंद.

पुण्याकडून मालगाडी येत होती. लांबलचक. पलीकडे दवाखाना दहा मिनिटांवर.

खंडूनं ब्रेक मारला. आणि इथल्या प्रत्येक ड्रायव्हरचा हात फाटकावर जे करतो, तेच त्याच्या हातानं केलं. डिझेल वाचवायची सवय. फाटक बंद दिसलं की इंजिन बंद.

त्यानं दांडी ओढली.

खटकन्.

"खंडू, नको!" मी ओरडलो. उशीर झाला होता.

इंजिन थांबलं. डॅशबोर्डवरचा तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर पडला. तो मला मागून स्पष्ट दिसत होता.

शिट्टी बारीक व्हायला लागली... आणखी बारीक...

माझ्या हाताखालची छाती थांबली.

चतुराबाईंचे डोळे उघडे होते. माझ्याकडे नव्हते. पुढच्या रिकाम्या सीटकडे होते.

आणि तिथून आवाज आला.

"दम धर."

खंडूनंही ऐकलं. त्याची मान गर्रकन त्या सीटकडे वळली. तिथे कुणी नव्हतं.

शिट्टी परत चढली.

इंजिन बंद. काटा शून्यावर. आणि शिट्टी चढत गेली. सुंईऽऽऽ... आणि माझ्या हाताखाली छाती वर आली. गप्प. छाती खाली. सुंईऽऽऽ... छाती वर.

मी मोजायला लागलो. दुसरं मला काही सुचलंच नाही.

चाळीस... साठ...

खंडू चावी फिरवत होता, इंजिन लागत नव्हतं. तो रडत होता. ज्योतीराम शिट्टी ऐकून शेडमधून धावत आला. त्यानं बॉनेट वर केलं, आत वाकला आणि तसाच मागे सरकला.

"सर! पंखा बंद हाय! इंजिन बंद हाय, सर!"

"माहीत आहे! हात लावू नकोस कशाला!"

शंभर... एकशेवीस...

आता थांबणार, असं मला वाटलं.

थांबली नाही.

मालगाडीचे डबे जात होते. दोनशे... अडीचशे... शिट्टीत आता खरखर होती. मधेच खोकला. ओला, खोल खोकला. चतुराबाई खोकत नव्हत्या. त्यांचे ओठ मिटलेले होते. खोकला येत होता पुढून. प्रत्येक खोकल्यानंतर शिट्टी जरा कमी व्हायची, आणि परत जोर लावून वर यायची. ओझं घेऊन चढण चढणाऱ्या माणसासारखी.

तीनशे अकराला गार्डाचा डबा गेला. फाटक उचललं. खंडूनं चावी फिरवली आणि इंजिन लागलं.

*

दवाखान्याच्या दारात खंडूनं गाडी उभी केली, दांडी ओढली, आईला हातांवर उचललं आणि आत पळाला. मी त्याच्या मागे.

सुई दिली. नळकांड्यातली हवा लावली. तासाभरानं चतुराबाईंच्या गालावर रंग आला. तरुण डॉक्टर म्हणाले, "अजून पाच मिनिटं उशीर झाला असता, तर हाती काही लागलं नसतं." खंडूनं माझे पाय धरले. मी त्याला उठवलं.

चतुराबाईंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"मास्तर... ते पुढं बसल्यालं म्हातारं कुठं हाय?"

खंडूनं माझ्याकडे पाहिलं.

"लई खोकत हुतं बिचारं. सारखं मला म्हनत हुतं, दम धर, दम धर... त्याला कुनी पानी दिलं का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आम्ही गाडी थांबवली होती. दांडी ओढली होती. आणि पळालो होतो.

दोन मिनिटं कुणी थांबलंच नव्हतं.

मी बाहेर धावलो. गाडी उन्हात उभी होती. एकदम शांत. ज्योतीराम सायकलवरून मागोमाग आला होता, तो गाडीजवळ उभा होता. पुढच्या डाव्या सीटवर करड्या भुकटीचा थर होता. माणूस बसून उठावा, तेवढ्याच जागेत.

"शिट्टी ऐकलीस?" मी विचारलं.

"मी आलो तवा काहीच नव्हतं, सर."

गाडी ओढत शेडवर नेली. टर्बो खोलला. आतला बुश जळून दांड्याला चिकटला होता. चाक जाम. ज्योतीरामनं दोन पाने लावून जोर केला, केसभरही हललं नाही. हवेची बाजू उघडली, तर आत भुकटी ठासून भरलेली. कुठे एक बोट शिरेल एवढीही जागा नव्हती.

"हे फाटकावरच जळालं आसंल, सर?" ज्योतीरामनं विचारलं. "तेल बंद झालं तवाच?"

मी नकारार्थी मान हलवली. फाटकावर जळलं असतं, तर तीनशे अकरापर्यंत शिट्टी कशी वाजली? आणि दवाखान्याच्या दारात जळलं असेल...

तर ते आमच्या हातून झालं. त्या नव्या गड्यानं जे केलं होतं, तेच. त्याला निदान ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं. डॅशबोर्डवर रंगवून ठेवलं होतं.

मी सोजरबाईला हे सांगायला गेलो होतो. दोनदा. दोन्ही वेळा खाणीच्या वाटेवरून परत फिरलो.

*

चतुराबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. शेवटपर्यंत गाडीत बसताना पुढची डावी सीट मोकळी ठेवायला लावायच्या, आणि तिथे पाण्याचा तांब्या ठेवायच्या. खंडूनं ती गाडी साध्या इंजिनावरच चालवली, पण बंद करण्याआधी एकशेवीस मोजल्याशिवाय दांडीला हात लावला नाही. ज्योतीराम अजून आहे, त्याच्या मुलाचं आता मोठं गॅरेज आहे. त्या दिवसाबद्दल तो बोलत नाही.

टर्बो माझ्याकडे आहे. चिंचवडच्या घरात, पुस्तकांच्या कपाटात खालच्या फळीवर. सोसायटीतली मुलं संध्याकाळी माझ्याकडे येतात, त्यांना मी तो दाखवतो. फुंकणीचं उदाहरण देतो. मुलं चाक फिरवून बघतात. फिरत नाही. जाम आहे, मी सांगतो. चाळीस वर्षं जाम आहे.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं विचारलं, "आजोबा, जाम आहे तर परवा हे पातं वर होतं, आज खाली कसं?"

मी हसण्यावारी नेलं. ती गेल्यावर खडू घेतला. चाकाच्या एका पात्यावर खूण केली आणि त्या खुणेसमोर बाहेरच्या न हलणाऱ्या कडेवर दुसरी. दोन्ही खुणा एका रेषेत.

शुक्र, शनि, रवि, सोम, मंगळ, बुध. खुणा एका रेषेत राहतात.

गुरुवारनंतर राहत नाहीत.

मी ते वहीत लिहून ठेवतो. कारणं शोधतो. आता इथे गुरुवारीही पूर्वीसारखं शांत नसतं, जमिनीला हादरे बसतात, असंही लिहून पाहिलं. पण मीच दोन्ही हातांनी जोर लावतो, तेव्हा ते का हलत नाही?

गेल्या हिवाळ्यापासून मलाही जिना चढताना धाप लागते. डॉक्टर म्हणतात, वय झालं.

आज गुरुवार आहे. सकाळी खडूनं खूण करून ठेवली आहे. हे लिहिताना कपाट माझ्या पाठीमागे आहे. मी उठून पाहिलेलं नाही.

इतक्यात नाही पाहणार. आधी एकशेवीसपर्यंत मोजतो.